नारिंगी माथ्याचे दगड

रस्त्याकडेच्या मैलाच्या दगडाचा माथा पिवळा असेल तर तो राष्ट्रीय महामार्ग, हिरवा असेल तर राज्यमार्ग. माझा जीव नारिंगी माथ्याच्या दगडांत अडकलेला आहे. ते खेड्यापाड्यांच्या रस्त्यांवर असतात. अर्धे गवतात बुडालेले, कुठं म्हशींनी अंग घासून घासून रंग उडवलेला. नांदेड आणि लातूर यांच्या मधल्या मुलखात असे रस्ते जाळ्यागत पसरलेत. सायकल घेऊन भल्या पहाटे निघावं, मोठा रस्ता सोडून मिळेल त्या पहिल्या फाट्याला आत वळावं. थोड्याच वेळात ट्रकांची घरघर मागं पडते. मग टायरखाली खडी दबल्याचा आवाज तेवढा येत राहतो, आणि शिवारात कुठंतरी टिटवी.

हा निवांतपणा आला कसा, याचा मी पुष्कळदा विचार करतो. नागपूरहून तुळजापूरकडं जाणारा महामार्ग नांदेड, लोहा, अहमदपूर, चाकूर, लातूर असा येतो. तो चौपदरी झाला आणि आसपासची सगळी घाई त्यानं स्वतःकडं ओढून घेतली. त्यासाठी जुन्या सडकेच्या दोन्ही अंगांच्या चिंचा, लिंबं, वड गेले. ते दुःख माझं अजून गेलेलं नाही. पण आतले रस्ते मात्र मोकळे झाले. त्याआधी २००० साली पंतप्रधान ग्रामसडक योजना सुरू झाली होती आणि वाड्या-तांड्यांपर्यंत डांबर पोचायला लागलं होतं. या रस्त्यांची डांबरी पट्टी साधारण पावणेचार मीटरची. समोरून ट्रॅक्टर आला की कुणीतरी एकानं साइडपट्टीवर उतरायचं, आणि उतरताना एकमेकांकडं बघून मान हलवायची. एवढ्या अरुंद रस्त्यावर माणसाचं तोंड बघितल्याशिवाय कुणाला पुढं जाताच येत नाही. मला ही पावणेचार मीटरची रुंदी फार शहाणपणाची वाटते.

फ्रान्समध्ये सायकलवरून गावोगाव हिंडणाऱ्यांसाठी काय काय केलंय ते वाचलं की हेवा वाटतो. बर्गंडी प्रांतात जिव्री ते क्लुनी हा रेल्वेमार्ग बंद पडला, तर त्याचे रूळ काढून १९९७ मध्ये तिथं चालणाऱ्यांसाठी आणि सायकलींसाठी वाट केली. लुआर नदीच्या सोबतीनं समुद्रापर्यंत जाणारी सायकलवाट सुमारे ९०० किलोमीटरची आहे. तुलूझपासून भूमध्य समुद्राकडं जाणारा २४० किलोमीटरचा कालवा सतराव्या शतकातला. त्याच्या काठानं घोडे नावा ओढत चालायचे, त्या काठावरून आता सायकली जातात. तिथल्या मिशलँच्या नकाशात बारके रस्ते पांढऱ्या रेघेनं दाखवतात आणि त्यातला एखादा देखणा असेल तर त्याला हिरवी कड देतात. म्हणजे शांत रस्ता ही जपण्याजोगी गोष्ट आहे, हे त्या लोकांनी ठरवून मान्य केलंय आणि त्यासाठी पैसा खर्च केलाय. आपल्याकडं तो ठरवून राहिलेला नाही, नुसता राहून गेलाय. मला काळजी वाटते ती याचीच. जे कुणी ठरवून राखलेलं नाही, ते कुणीही न ठरवता जाऊ शकतं.

नांदेडहून लातूरकडं जाणं म्हणजे गोदावरीच्या खोऱ्यातून बालाघाटाच्या पठारावर चढणं. मोटारीत बसलेल्याला हा चढ कळत नाही. सायकलवाल्याच्या मांड्यांना तो बरोबर कळतो. उस्माननगरकडून कंधारला जाताना जमीन हळूहळू सुरकुतत जाते. काळ्या रानाच्या मधूनच मुरमाड टेकाडं वर येतात, त्यांच्यावर बोरी-बाभळी आणि पिवळं पडलेलं कुसळी गवत. पुढं कंधारचा किल्ला. राष्ट्रकूटांच्या वैभवाचं हे गाव, त्यांच्याच काळातला इथला जगत्तुंग समुद्र तलाव. किल्ल्याच्या खंदकात पाणी असतं आणि त्या पाण्यात तटाची सावली पडलेली असते. मन्याड नदी याच मुलखातली, पुढं मांजरेला मिळणारी. तिच्यावर वर लिंबोटीचं धरण आहे आणि खाली बारूळचं. सायकलवर असलं की नदी, तिचे वगळ आणि तिच्यावरचे फरशी पूल यांची संगती लागत जाते. उतार आला म्हणजे पुढं पाणी आहे, हे पायांनाच कळायला लागतं.

या रस्त्यांचा खरा मालक म्हणजे वेड्या बाभळीचा काटा. असाच एकदा एका आखाड्याजवळ चाक बसलं. बाजेवरून एक म्हातारबाबा उठले, न सांगता घमेल्यात पाणी घेऊन आले. मी ट्यूब बाहेर काढली. त्यांनीच ती पाण्यात बोटानं दाबत दाबत फिरवली आणि बुडबुडे आले तिथं अंगठा ठेवून धरला.

“कुठं जायलाव पाव्हणं?”

“कंधारला.”

“मग गाडी सोडून सायकलीवर कामून?”

रस्ता बघत जायचंय, म्हणालो. त्यांना ते पटलं नाही. “आमच्या रस्त्यात बघायसारखं काय हाय?” असं म्हणाले, आणि मी पॅच लावेपर्यंत स्वतःच दाखवायला लागले. त्या लिंबावर मोहळ बसलंय, ते काढू देत नाही. पलीकडच्या तळ्यावर थंडीत लांबची बदकं येतेत. त्या टेकाडाच्या मागं हरणाचा कळप हाय, हरभरा खातेत, पण मारावं वाटत नाही. अर्ध्या तासात एका शिवाराची सगळी ओळख झाली. कपात पाणी कमी आणि साखर जास्त असलेला चहा झाला. महामार्गावर पंक्चर झालं असतं तर मी दुकान शोधलं असतं.

या वाटांवर सायकल चालवणारा मी एकटा नाही. सकाळी दहाच्या सुमाराला शाळांच्या मुली भेटतात. मानव विकास कार्यक्रमातून दूरच्या गावच्या आठवी ते बारावीच्या मुलींना सायकली मिळाल्या, त्यांतल्या पुष्कळ अजून रस्त्यावर आहेत. दप्तर कॅरेजला, ओढणी पाठीमागं गाठ मारलेली, आणि दोघी-तिघी शेजारी-शेजारी गप्पा मारत चाललेल्या. शेजारी-शेजारी! रस्ता किती सुरक्षित आहे याची याहून चांगली परीक्षा मला माहीत नाही. त्यांच्या आयांना उंबऱ्यात उभं राहून वाट बघावी लागत नाही, ती याच अरुंद आणि संथ रस्त्यामुळं. तो दुपदरी करून त्यावरून भरधाव गाड्या सोडल्या, तर सगळ्यात आधी याच सायकली घरात जातील.

आणि कालवे! इसापूर धरणाचं पाणी अर्धापूरकडच्या केळीला येतं. त्या कालव्याच्या पाळीनं सकाळच्या वेळी गेलं की एका हाताला पाणी, दुसऱ्या हाताला केळीची गर्द रांग, आणि अंगावर येणारा ओलसर गारवा. मराठवाड्यात गारवा म्हटलं की हसू नका. २०१६ च्या उन्हाळ्यात याच लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं, म्हणून तर पाण्याच्या काठानं जाताना इथल्या माणसाचं मन भरून येतं. पाळीवरचा सेवारस्ता पाटबंधारे खात्याच्या गाड्यांसाठी असतो, त्यावर गर्दी अशी नसतेच. फ्रान्समधल्या त्या कालव्याच्या काठाला आणि या पाळीला जमीन सपाटच मिळालीय. इथं फक्त मुरूम दाबून, मोऱ्यांना कठडे करून, अधूनमधून झाड लावायला पाहिजे.

पण वर्षातला माझा सर्वांत लाडका दिवस मार्गशीर्षातल्या अमावास्येचा. वेळ अमावास्या, आमच्या तोंडी येळवस. लातूर जिल्ह्यात त्या दिवशी स्थानिक सुट्टी असते. सकाळी रस्त्यांवर झुंबड उडते, कारण सगळं घरदार रानाकडं निघालेलं असतं. बैलगाड्या, दुचाक्या, जीपा, डोक्यावर टोपल्या, हातात आंबिलाचं मडकं. दहा-अकराच्या पुढं मात्र बघावं. लातूरची गंजगोलाई, जिथं एरवी पाय ठेवायला जागा नसते, तिथली दुकानं बंद आणि रस्ते रिकामे. गावांत तर दाराला कड्या आणि ओसरीवर एखादी म्हातारी. सगळी माणसं पिकांच्या आत. बाहेर रस्ता संपूर्ण रिकामा, आणि दोन्ही बाजूंच्या शिवारांतून हसण्या-बोलण्याचे आवाज येत असतात. त्या दिवशी मी सायकलवर असतो.

ज्वारी पुरुषभर उंच, हरभरा घाट्यांवर आलेला, तूर वाळून खुळखुळणारी. कडब्याच्या पेंढ्यांची कोप उभी केलेली, आत चुन्यानं रंगवलेले पाच पांडव, समोर दिवा. पूजा झाली की आंबील शिंपत रानाला फेरी घालतात आणि मग पंगत बसते. भज्जी ही हिरव्या रंगाची, तिच्यात तुरीचे सोले, हरभऱ्याचे, वाटाण्याचे दाणे आणि निरनिराळ्या पालेभाज्या. सोबत बाजरीचे उंडे, गव्हाची खीर, वांग्याचं भरीत. आंबील आंबटसर, गार, ताकात शिजवलेलं ज्वारीचं पीठ. ते मडक्यातून वाटीत ओतताना लसूण-जिऱ्याचा वास नाकात शिरतो आणि सायकलवरची सगळी तहान एका घोटात जाते. रस्त्यानं जाणाऱ्याला हाक मारल्याशिवाय कुणी जेवत नाही. नाव, गाव, जात, कशाची विचारपूस नाही, आधी पत्रावळ पुढं येते. मी “नको, आत्ताच मागच्या शिवारात झालं” म्हणायला लागलो की एखादी मावशी सांगते, “ते त्यांचं झालं बाबा, आमचं कुठं झालंय?” आणि पुन्हा बसावं लागतं.

सार्वजनिक बांधकाम खात्यात, जिल्हा परिषदेत जे कुणी रस्त्यांचे आराखडे करत असतील, त्यांना माझी कळकळीची विनंती आहे. सगळेच रस्ते रुंद करू नका. नारिंगी दगडाच्या रस्त्यांचे खड्डे बुजवा, साइडपट्ट्या भरा, कडेला चिंच-लिंब लावा, आणि रुंदी आहे तेवढी राहू द्या. कालव्याच्या पाळी सायकलींना खुल्या करा. आणि वाचणाऱ्यांनो, येत्या येळवशीला सकाळी सायकल काढा, कुठल्याही फाट्यावरून आत वळा. पंक्चरचं सामान घ्या, पाणी घ्या. जेवणाचा डबा घेऊ नका.