डेव्हिड मार आणि बिलाचं मशीन

दुसऱ्याने लिहिलेला, धड डॉक्युमेंट नसलेला कोड वाचायची वेळ आली की मला हटकून डेव्हिड मार आठवतो. (हो, आडनाव मारच.) प्रत्येक ओळ काय करते ते कळतं, पण हे सगळं कशासाठी चाललंय ते कळत नाही. मेंदूबद्दल मारची नेमकी हीच तक्रार होती.

जन्म १९४५ चा, इंग्लंडमधला. केंब्रिजला गणित शिकला आणि मग थेट मेंदूत घुसला. १९६९ मध्ये, चोविसाव्या वर्षी, त्याने लहान मेंदूचा सिद्धांत मांडला. तिथल्या एकेका पर्किंजे पेशीला सुमारे २ लाख बारीक तंतू जोडलेले असतात, आणि वर एकच वेगळा तंतू तिला वेलीसारखा बिलगलेला असतो. मार म्हणाला, हा एकटा म्हणजे मास्तर! तो सांगतो, जोडण्या बदलतात, हालचाल अंगवळणी पडते. जोडण्या घट्ट होत असणार असा त्याचा कयास होता. १९८२ मध्ये मासाओ इतो यांच्या प्रयोगांत त्या उलट क्षीण होताना दिसल्या. पण बदल तिथेच होतो, हे खरं निघालं.

एवढं नाव झाल्यावर माणूस तीच वाट धरतो. हा पठ्ठ्या १९७३ मध्ये एमआयटीच्या एआय लॅबमध्ये गेला आणि दृष्टीच्या मागे लागला.

त्याचं दुकानातल्या बिलाच्या मशीनचं उदाहरण मला फार आवडतं. मशीन बेरीजच का करतं? काही घेतलं नाही तर पैसे शून्य. वस्तू कुठल्याही क्रमाने ठेवा, बिल तेच. घेतलेली वस्तू परत केली की हिशेब फिटला. या अटी पाळायच्या तर बेरीजच हवी! आकडे कसे लिहायचे, हातचा कसा धरायचा, हा पुढचा प्रश्न. आत दातेरी चाकं आहेत की चिप, हा त्याच्याही पुढचा. नुसती चाकं उघडून बघणाऱ्याला पहिलं उत्तर कधीच मिळणार नाही. आमच्या क्षेत्रात याला रिक्वायरमेंट म्हणतात, आणि ती नेहमी शेवटी येते. असो.

हे सगळं त्याने 'व्हिजन' या पुस्तकात लिहिलंय. डिसेंबर १९७७ मधल्या काही घटनांमुळे ते ठरल्यापेक्षा काही वर्षं आधी लिहावं लागलं, एवढंच प्रस्तावनेत म्हणतो. त्या घटना म्हणजे रक्ताचा कर्करोग. नोव्हेंबर १९८० मध्ये तो गेला, पस्तिसाव्या वर्षी. पुस्तक आलं १९८२ मध्ये.