आपाची वाडी

आपा माझ्याहून आठ वर्षांनी मोठी. २००५ साली लग्न होऊन ती बर्मिंगहॅमला गेली तेव्हा मी शाळेत होते. जाताना तिने अम्मीला सांगितले होते, “दहा वर्षं फक्त. मग आम्ही परत येऊ आणि वाडीतच दोन खोल्या बांधू.” अम्मीने त्या दोन खोल्यांची जागाही मनाशी धरून ठेवली होती. विहिरीच्या वरच्या अंगाला, रातांब्याजवळ.

आमची वाडी श्रीवर्धन तालुक्यातली, वीस गुंठ्यांची. कोकणातली वाडी कशी असते हे इथल्या माणसाला सांगायला नको. वर नारळ, त्याखाली पोफळ, पोफळीवर चढलेली मिरवेल, सावलीत जायफळ, मध्ये केळी, पाटाच्या कडेला अळू आणि हळद, अगदी जमिनीलगत अननस. एकाच्या डोक्यावर दुसरे, पण कुणी कुणाचे हिरावून घेत नाही. आम्ही बहिणी त्या सावलीत वाढलो. ती कुणी विचार करून रचली आहे, हे तेव्हा कळले नाही.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आले आणि दुपारपर्यंत ती रचना मोडली. १८० पोफळींपैकी साठेक उभ्या राहिल्या. नारळ मुळासकट आडवे झाले, जायफळांवर पोफळी कोसळल्या. तेव्हा लॉकडाऊन होते, विमाने बंद होती. चार-पाच दिवसांनी फोनला रेंज आली तेव्हा मी आपाला व्हिडिओवर वाडी दाखवली. ती काहीच बोलली नाही. जिथे नेहमी अंधार असायचा तिथे लख्ख ऊन पडलेले पाहून ती रडायला लागली.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तिचा फोन आला. “घरामागे पंचवीस फूट रुंद आणि साठ फूट लांब जागा आहे. सगळं गवतच. मला इथे वाडी करायची आहे. तू सायन्सची टीचर, सांग काय लावू?”

मी बी.एड. केलेली, उर्दू हायस्कूलमध्ये आठवी ते दहावीला विज्ञान आणि भूगोल शिकवणारी बाई. इंग्लंडच्या मातीशी माझा काय संबंध? पण आपाने लायब्ररीतून एक पुस्तक आणले होते. रॉबर्ट हार्ट नावाच्या गृहस्थांनी तिच्या घरापासून फार लांब नसलेल्या श्रॉपशायरमध्ये, वेनलॉक एज या डोंगरकडेला, अशीच थरांची बाग केली होती. त्यांनी सात थर मोजले: उंच झाडे, बुटकी झाडे, झुडपे, पालेभाज्या, जमिनीवर पसरणारी रोपे, कंदमुळे आणि वेली. २००० साली ते वारले. त्यांच्या मनात ही कल्पना रुजवणाऱ्या बागांत केरळातल्या घराभोवतालच्या बागा होत्या. म्हणजे आपल्याच किनाऱ्यावरची गोष्ट तिकडे गेली होती. मला वाटले, मग अवघड ते काय? आपल्याला हे येतेच.

इथेच माझी चूक झाली.

मी फोनवरून सांगत गेले आणि आपा लावत गेली. तिकडे पानगळीनंतर, नोव्हेंबर ते मार्चमध्ये, झाडे झोपलेली असताना उघड्या मुळांची रोपे मिळतात आणि ती स्वस्त पडतात. उत्तरेच्या कुंपणाला दोन सफरचंदे आणि एक आलुबुखारा, दक्षिणेच्या कुंपणाला एक नासपती आणि तीन हेझल, मध्ये गूझबेरी, रेडकरंट, ब्लॅककरंट, त्यांच्या पायाशी स्ट्रॉबेरी आणि पुदिना. अंतर आमच्या वाडीसारखे, सहा-सहा फूट. दाट लावले की तण कमी आणि ओल टिकते, हे मीच तिला ऐकवले.

काही गोष्टी बरोबर जमल्या. सफरचंदाची दोन झाडे वेगवेगळ्या जातींची, पण एकाच सुमारास फुलणारी घेतली, कारण सफरचंदाला परक्या जातीचा पराग लागतो. कलम एमएम १०६ या खुंटावरचे घेतले, म्हणजे झाड बारा-चौदा फुटांवर थांबते. खुंटावर झाडाची उंची ठरते, हे मला नवीनच होते. आपा थंडीला कंटाळलेली असे. मी तिला सांगितले, सफरचंदाला हिवाळ्यात शेकडो तास गारठा मिळाल्याशिवाय ते नीट फुलतच नाही. तुला छळणारी थंडी त्याचे खाणे आहे. ती हसून म्हणाली, “मग याने तरी पोटभर खावं.”

पण २०२३ च्या उन्हाळ्यात तिने व्हिडिओवर बाग दाखवली तेव्हा मी गप्प झाले. हेझलचे दहा फुटी झुडूप माजले होते. मधल्या गूझबेरीवर पिठासारखी भुरी होती. करंटला पाने भरपूर आणि फळांचे चार घोस. स्ट्रॉबेरी हिरवीच. आपाने विचारले, “आपल्या वाडीत एवढी सावली असून सगळं येतं. इथे का नाही?”

उत्तर माझ्याच पुस्तकात होते. अक्षांशाला आमच्या उर्दू पुस्तकात अर्ज-उल-बलद म्हणतात. दरवर्षी मी तो शब्द फळ्यावर लिहिते, मुले पाठ करतात, मार्क मिळवतात. त्या सप्टेंबरच्या शेवटी, दिवस-रात्र जवळपास सारखी असताना, ऊन पडलेला दिवस गाठून मी दहावीच्या मुलींना मैदानात नेले. तीन फुटांची काठी उभी केली आणि सूर्य डोक्यावर आला तेव्हा सावली मोजली. एक फूट. त्याच आठवड्यात आपाने तिच्या बागेत तीन फुटांची काठी भर दुपारी उभी केली. सावली चार फूट.

चौपट. श्रीवर्धन अठराव्या अंशावर, बर्मिंगहॅम साडेबावन्नाव्या. आमच्याकडे सूर्य वरून येतो आणि नारळाच्या झावळ्यांतून खाली शिरतो. मग पोफळीला उरते, जायफळालाही उरते. तिकडे तो बाजूने येतो. दक्षिणेला उभे केलेले झाड मागच्या सगळ्यांचे ऊन अडवते. २२ डिसेंबरच्या सुमारास तर भर दुपारी सूर्य क्षितिजापासून जेमतेम चौदा अंश वर असतो. समशीतोष्ण मुलखातली वाडी म्हणूनच घनदाट रानासारखी करून चालत नाही. ती रानाच्या कडेसारखी हवी: उंच झाडे उत्तरेला, त्यापुढे झुडपे, दक्षिणेला सर्वात ठेंगणी रोपे, आणि झाडाझाडांत आकाश दिसेल एवढी मोकळीक. रोपांची यादी नंतर करायची. आधी ऊन कुठून येते आणि किती येते, ते बघायचे. मी आठवणीतून बाग लावली होती, जागा बघून नाही.

त्या हिवाळ्यात आपाने तिन्ही हेझल उपटले. नासपती मशिदीच्या आवारात नेऊन लावली. सावली सोसणारी करंटची झुडपे सफरचंदांच्या जवळ सरकवली, कारण अर्ध्या उन्हातही ती फळतात. सफरचंदांखाली जंगली लसूण लावला. हा शहाणा निघाला: झाडांना पाने फुटायच्या आधीच, फेब्रुवारी-मार्चमध्ये, तो उन्हावर हात मारून घेतो आणि जूनपर्यंत जमिनीत गडप होतो. मधे कॉम्फ्री. तिची मुळे खोल जातात, पाने कापून झाडांच्या बुंध्याशी टाकायची की खत. दक्षिणेला स्ट्रॉबेरी, पुदिना आणि रुबार्ब. रुबार्बचे देठ साखर घालून शिजवतात, पान मात्र विषारी, ते मुलांना पहिल्या दिवशी सांगायचे. घराच्या पश्चिमेकडच्या भिंतीला, जिथे दुपारनंतरची ऊब साठते, तिथे तिने अंजीर लावले. ब्राऊन टर्की नावाची जात त्या थंडीतही पिकते. सूरह तीनमधले फळ आपल्या भिंतीवर वाढते आहे, याचे तिला फार अप्रूप.

उत्तरेला उंच झाडे म्हणजे सावली शेजारणीच्या अंगणात. शेजारीण एक म्हातारी इंग्रज बाई. आपा तिच्याकडे गेली आणि सरळ विचारले. बाई म्हणाली, आलुबुखारे अर्धे माझे. सौदा पक्का झाला.

वायव्य कोपऱ्यात एक जागा उरली. “तिथे शहतूत लावते,” आपा म्हणाली. “काळा.”

काळे शहतूत सावकाश वाढते. पहिला खरा बहार यायला आठ-दहा वर्षे लागतात, पण नंतर ते माणसाच्या कित्येक पिढ्या पाहते. अम्मी माझ्या शेजारीच बसली होती. तिने फोनकडे वाकून विचारले, “किती वर्सांनी धरल?”

आपाने सांगितले. अम्मी थोडा वेळ थांबली, मग म्हणाली, “चांगलं आहे. लाव.” आणि उठून नमाजला गेली. त्या रात्री ती जेवली नाही. विहिरीजवळच्या दोन खोल्या त्या दिवशी तिने मनातून उतरवल्या, हे मला कळले, आणि आपालाही कळले असणार.

यात आणखी एक गोष्ट होती. अब्बांच्या पश्चात वाडीचे हिस्से अजून झाले नव्हते. वादळानंतर भाईजानचे म्हणणे होते की आता यात काय राहिले, विकून टाकू. समुद्राजवळच्या जागेला हॉटेलवाले पैसे देतात. आपल्याकडे बहिणींनी हक्कसोड पत्रावर सही करायची असते, असे सगळे धरूनच चालतात. शरीयतने दिलेला हिस्सा रिवाजाने परत घ्यायचा आणि वर तिला चांगली बहीण म्हणायचे. आपाला कागद पाठवून दोन वर्षे झाली होती. ती सही करत नव्हती आणि नाहीही म्हणत नव्हती. परत यायचे म्हणून जागा धरून ठेवली, अशी तिची समजूत होती.

शहतूत लावल्यानंतर पंधरा दिवसांनी तिचा भाईजानला फोन गेला. “मी परत येणार नाही, ते आता मलाही माहीत आहे. पण सही करणार नाही. तुझा हिस्सा तू विक, तुझा हक्क आहे. माझ्या हिश्श्यात वाडी राहू दे.” भाईजान काही महिने रागावला. मग हिशेब झाले. अम्मीचा आठवा भाग, उरलेल्यात त्याचे दोन वाटे, आम्हा दोघींचा एक-एक. आपाच्या वाट्याला सव्वाचार गुंठ्यांहून थोडे जास्त आले. ते माझ्या हिश्श्याला लागूनच आहे.

“आता तू सांग,” मी तिला म्हटले, “इथे काय लावू?”

ती म्हणाली, “आधी ऊन बघ.”

मी पाहिले. वादळाने छप्पर नेलेली जागा, वरून भाजणारे ऊन. पोफळीचे कोवळे रोप अशा उन्हात करपते. तिकडे आम्ही ऊन आत यावे म्हणून झाडे काढली. इथे आधी सावली उभी करायची होती. पहिल्या वर्षी केळी लावल्या. केळींच्या आडोशाला पोफळीची रोपे, आपली रोठा जातीचीच. पोफळी उंच झाल्या की त्यांच्या अंगावर मिरी चढवायची आणि सावली पुरेशी झाली की जायफळाची कलमे. बी लावले तर झाड नर की मादी हे फुलेपर्यंत कळत नाही, म्हणून कलमे. हा सगळा आठ-दहा वर्षांचा हिशेब आहे. आपाच्या शहतुताएवढाच.

गेल्या उन्हाळ्यात आपाच्या रेडकरंटवर ब्लॅकबर्ड पक्ष्यांनी हात साफ केला. ती वैतागली होती. अम्मी म्हणाली, “पाखरांनी खाल्लं ते सदका. तुझ्या नावावर लिहिलं गेलं.” मग थोडे थांबून तिने विचारले, “शहतुताला पालवी आली का गं?”

हल्ली रोज असरनंतर अम्मी केळींना पाणी सोडते. रातांबा अजून उभा आहे. त्याच्याजवळची दोन खोल्यांची जागा आम्ही मोकळी ठेवली होती. यंदा तिने स्वतःच तिथे खड्डा घ्यायला सांगितला.