बीव्हर सरोवराकाठची साडेसोळा फुटी नाव

अमेरिकेतील आर्कान्सा राज्याचा वायव्य कोपरा हा ओझार्कच्या डोंगरांचा मुलूख होय. सह्याद्रीचे उभे कडे येथे नाहीत. ओक वृक्षांच्या रानाने झाकलेल्या बुटक्या टेकड्या आणि त्यांतून वळणे घेत जाणारी व्हाइट नदी, असा येथला देखावा आहे. या नदीवरील धरण 1966 साली पुरे झाले आणि जुन्या दऱ्याखोऱ्यांत पाणी भरून बीव्हर सरोवर तयार झाले. त्याचा विस्तार सुमारे 28,000 एकर. परंतु ओढ्याओढ्यांत पाणी शिरल्यामुळे काठाची लांबी मात्र 487 मैल भरते. विसाव्या शतकाच्या आरंभी वसवलेले मॉन्टे नी हे विश्रामस्थान या पाण्यात बुडाले. सरोवर ओसरले की तेथील प्रेक्षागाराच्या पायऱ्या आजही वर येतात. बडोदेकरांना जसे आजव्याचे, तसे येथील शहरांना पिण्याचे पाणी या सरोवराचे.

जवळच्या बेंटनव्हिल गावी वॉलमार्ट या व्यापारी कंपनीचे मुख्य कार्यालय असल्याने नोकरीनिमित्त आलेली मराठी कुटुंबेही या भागात भेटतात. आमची कन्या व जावई त्यांपैकीच. त्यांच्याकडे आम्हा उभयतांचा मुक्काम झाला, तेव्हा घरात एकच विषय गाजत होता. बास मासा धरण्याची एक जुनी नाव विकत घ्यायची होती.

बास हा शिकारी मासा. बुडालेल्या झाडांच्या फांद्यांत, खडकांच्या कपारींत तो दबा धरून बसतो. म्हणून त्याच्यासाठीची नाव बुटकी, उथळ पाण्यात सहज सरकणारी असते. पुढच्या टोकाला गळ टाकण्यासाठी सपाट ओटा व उंच खुर्ची, तेथेच आवाज न करता नाव हळूहळू हलवणारी विजेची लहान मोटर, मागे पेट्रोलचे मोठे इंजिन आणि मधोमध मासा जिवंत ठेवण्याची पाण्याची टाकी, अशी तिची रचना. या छंदाच्या इतिहासात बीव्हर सरोवराला मानाचे स्थान आहे. रे स्कॉट यांनी 1967 साली आपली पहिली मोठी बास-स्पर्धा येथेच भरवली. पुढच्याच वर्षी याच राज्यातील फ्लिपिन गावी फॉरेस्ट वुड यांनी रेंजर नावांचा कारखाना काढला. 1972 पासून स्कॉट यांच्या संस्थेच्या स्पर्धांत धरलेला मासा जिवंत ठेवून परत सोडण्याची प्रथा पडली. मासे आवडीने खाणाऱ्या घरातल्या आम्हाला ही रीत पचायला थोडा वेळ लागला, एवढे खरे.

नाव घ्यायची म्हणजे सरोवर पाहायचे, अशी आमची समजूत होती. जावईबापूंनी मात्र प्रथम टेप काढली ती घराच्या गॅरेजमध्ये. त्याचे कारण असे की त्यांच्या वसाहतीच्या नियमाप्रमाणे नाव अंगणात किंवा रस्त्यावर उभी ठेवता येत नाही. भाड्याची जागा मिळते. पण दरमहाचे भाडे भरत राहिले तर काही वर्षांत नावेच्या किमतीचा मोठा हिस्सा त्यातच जावयाचा. गॅरेजची खोली 20 फूट. समोरच्या भिंतीशी पाणी तापवण्याची टाकी व कपाट. ते वजा जाता उरले 18 फूट 6 इंच.

पहिली नाव पाहिली ती साडेएकोणीस फुटी, फायबरग्लासची. तिचा लाल रंग उन्हात असा झळकत होता की नातू तिच्यावरून उतरेना. परंतु जाहिरातीत लिहिलेली लांबी केवळ नावेची असते. ट्रेलरचा पुढचा दांडा आणि मागे आलेले इंजिन धरून मोजले तेव्हा टेप 23 फुटांच्या पुढे गेली. शिवाय इंजिन ज्या मागच्या फळीवर तोललेले असते, ती ठोकून पाहता एका जागी बद्द आवाज आला. जुन्या नावांत फायबरग्लासच्या आत लाकूड असते, आणि स्क्रूच्या भोकांतून पाणी झिरपले की ते आतल्या आत कुजते. वरचा रंग त्याची वार्ता देत नाही.

दुसरी नाव साडेसोळा फुटी, ॲल्युमिनियमची, दिसायला अगदी साधी. तिच्या ट्रेलरचा दांडा बिजागरीवर बाजूला वळत होता. तो वळवून आणि इंजिन खाली सोडून मोजले, तेव्हा एकूण लांबी 17 फूट 10 इंच भरली. मग पुढची परीक्षा सुरू झाली. मागील बाजूस उजवीकडे कोरलेल्या क्रमांकाचे शेवटचे दोन आकडे नमुन्याचे वर्ष सांगतात. ते कागदपत्रांशी ताडून पाहिले. इंजिनाच्या तळचे तेल थोडे काढले. ते दुधाळ असते तर आत पाणी शिरले असे समजावयाचे. प्रत्येक सिलिंडरचा दाब मेकॅनिककडून मोजून घेतला, तो जवळजवळ सारखा निघाला. ट्रेलरचे टायर दिसायला चांगले होते. पण त्यांवरील चार आकडे, म्हणजे आठवडा आणि वर्ष, वाचल्यावर ते फार जुने असल्याचे कळले. तेवढी रक्कम किमतीतून कमी करून घेतली.

अडचण निघाली ती वेगळीच. 20 फुटांहून लहान मोटरनावेवर किती माणसे व किती वजन चालेल, याची पट्टी लावलेली असते. या पट्टीवर चार माणसे लिहिली होती आणि आम्ही होतो पाच. सर्वांनी मिळून पाण्यावर जायचे, हा तर कन्येचा मूळ हेतू. “बाबा, आपण पाचही जण एकदम जाऊ, असं मी धरून चालले होते,” ती म्हणाली. जावईबापूंनी एकच उत्तर दिले, “मोठी नाव भाड्याच्या जागेत उभी राहील आणि वर्षातून चारदा पाणी पाहील. ही दर रविवारी पाहील.” पट्टीवरचा आकडा ओलांडण्याची गोष्ट मात्र कोणीच काढली नाही, कारण बरोबर लहान मूल होते. बारा वर्षांपर्यंतच्या मुलांनी चालत्या नावेत तरंगते जाकीट घातलेच पाहिजे, असा या राज्याचा कायदा आहे.

साडेसोळा फुटी नावच घरी आली. तिच्यातील कप्पेही बेताचेच. त्यामुळे गळाच्या तीन काठ्या, आमिषांची एक पेटी, जाकिटे आणि डब्यातले थालीपीठ एवढेच सामान बरोबर घ्यायचे ठरले. दर खेपेस एक जण पाळीने काठावर राही. ही पाळी बहुधा आमच्या मंडळींनीच हौसेने घेतली. ओकच्या सावलीत बसून, दूर खाडीसारख्या शिरलेल्या पाण्यात नातवाने धरलेला मासा पुन्हा सोडताना पाहणे, हेही त्यांना सुखाचे वाटे.

संसारातील पुष्कळ खरेद्या अशाच असतात. वस्तू आपल्याला परवडते की नाही, हे आपण पाहतो. तिला आपल्या घरात जागा आहे की नाही, हे मात्र ती दारात आल्यावर आठवते. बीव्हरच्या काठी जुनी नाव घेणाऱ्याने म्हणून आधी आपली भिंत मोजावी, मग नावेची मागची फळी ठोकून पाहावी, आणि रंगाकडे सर्वांत शेवटी वळावे.