तापलेला हात आणि नवसाची ओटी

श्रद्धा आणि विज्ञान यांचा कलह म्हटला म्हणजे तो देवळाच्या पायरीवर, नाहींतर प्रयोगशाळेच्या दारांत चालावयाचा, अशी सामान्य समजूत आहे. आमचा अनुभव निराळा आहे. आमच्या घरीं हा कलह गेलीं दोन वर्षें चालला तो बास्केटबॉल या खेळावरून. आणि त्यांतून जें निष्पन्न झालें तें एकत्र कुटुंबांत राहणाऱ्या वाचकांस उपयोगीं पडेल असें वाटल्यावरून हा लेख लिहावयास घेतला आहे. आम्ही स्वतः जुन्या अकरावीच्या मॅट्रिकपुढें गेलों नाहीं. उभा जन्म मुलांकडून शब्दरूपें घोकून घेण्यांत गेला. तेव्हां खेळाचे किंवा गणिताचे तज्ज्ञ म्हणून आम्ही लिहीत नाहीं, हें आरंभींच सांगितलेलें बरें.

या खेळाचा जन्मच मुळीं श्रद्धा आणि शास्त्र यांच्या संगमावर झाला आहे. डॉ. जेम्स नेस्मिथ हे मूळचे कॅनडांतले. माँट्रियल येथें त्यांनीं धर्मशास्त्राचा अभ्यास पुरा केला, आणि पुढें अमेरिकेंत स्प्रिंगफील्ड येथें वाय.एम.सी.ए. या ख्रिस्ती संस्थेच्या विद्यालयांत ते व्यायामशिक्षक झाले. हिवाळ्यांत बर्फामुळें मैदानें बंद पडत आणि कोंडलेले विद्यार्थी कंटाळत. वरिष्ठांनीं त्यांना घरांत खेळण्याजोगा नवा खेळ शोधून काढण्यास चौदा दिवसांची मुदत दिली. इ. स. १८९१ च्या डिसेंबरांत नेस्मिथांनीं तेरा नियम लिहून काढले, व्यायामशाळेच्या सज्ज्याला पीच फळांच्या दोन टोपल्या ठोकल्या आणि नऊ नऊ जणांचे दोन पक्ष खेळावयास सोडले. सज्जा जमिनीपासून दहा फूट उंच होता. म्हणून बास्केट आजहि दहा फुटांवरच असते. रूढी कशा पडतात याचें याहून चांगलें उदाहरण आम्हांस सुचत नाहीं. याच नेस्मिथांनीं पुढें १८९८ सालीं वैद्यकाची पदवी घेतली. धर्मोपदेशक आणि वैद्य एकाच देहांत सुखानें नांदले. आमच्या घरांत मात्र तेवढ्यासाठीं दोन पक्ष पडले.

आमचा थोरला नातू या खेळाचा नादी. अमेरिकेंतील रात्रीचे सामने आपल्याकडे सकाळीं दिसतात. त्यामुळें आमची संध्या आणि त्याचा सामना यांची वेळ एकच. आम्ही आचमन करीत असावें आणि दिवाणखान्यांतून एकदम आरोळी यावी, हा नित्यक्रम. तो स्वतः महाविद्यालयाच्या संघांत खेळतो. दोन वर्षांपूर्वीं उडी मारून उतरतांना त्याचा गुडघा मुरगळला आणि आंतला स्नायुबंध तुटला. शस्त्रक्रिया झाली, आणि पुढें नऊ महिने व्यायाम. त्या दिवसांत त्याच्या आजीनें, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींनीं, अंबाजोगाईच्या योगेश्वरीला ओटीचा नवस केला. नातवाच्या कानावर तो गेला तेव्हां तो मोठ्यानें हंसला.

हंसावयास हरकत नव्हती. परंतु हा हंसणारा स्वतः काय करीत होता? आवडता संघ जिंकत असेपर्यंत तो सामना पाहण्याची जागा बदलीत नसे, आणि एकच मळका बनियन धुवावयास टाकीत नसे. आईनें तो बळें धुतला त्या दिवशीं संघ हरला. तेव्हां त्यानें तिच्याकडे असें पाहिलें कीं जणूं तिनेंच चेंडू चुकविला! आमच्या शास्त्रांत याला काकतालीय न्याय म्हणतात: कावळा बसावयास आणि ताडफळ पडावयास एक गांठ पडली, म्हणून कावळ्यानें फळ पाडलें असें ठरत नाहीं. मोठमोठे खेळाडूहि यांतून सुटलेले नाहींत. मायकेल जॉर्डन हा शिकागोच्या संघाच्या पोशाखाखालीं आपल्या जुन्या विद्यापीठाची तोकडी विजार घालीत असे, हें जगजाहीर आहे.

तथापि बनियनाची गोष्ट सोडली तरी नातवाची खरी श्रद्धा दुसरीच होती. खेळाडूनें लागोपाठ तीनचार नेम साधले कीं त्याचा हात ‘तापला’, आणि पुढचा नेमहि तो साधणारच, असें बास्केटबॉलचे बहुतेक रसिक मानतात. ३ जून १९९२ रोजीं जॉर्डननें अंतिम मालिकेच्या पहिल्या सामन्याच्या पूर्वार्धांतच ३५ गुण केले. तीन गुणांचा सहावा नेम लागला तेव्हां ‘मला तरी काय ठाऊक’ अशा अर्थीं त्यानें खांदे उडविले. २३ जानेवारी २०१५ रोजीं क्ले थॉम्प्सन यानें बारा मिनिटांच्या एका पावात ३७ गुण मिळविले. तेरा नेम टाकले आणि तेराहि लागले. असा प्रकार डोळ्यांनीं पाहिलेल्याला ‘हा योगायोग’ असें सांगणें म्हणजे वारकऱ्यास वारीची निरर्थकता पटवून देण्यासारखें आहे.

तें धाडस आमच्या पुतणीनें केलें. धाकट्या बंधूंची ही कन्या महाविद्यालयांत संख्याशास्त्र शिकविते. ती नातवाला म्हणाली, “अरे, आजीच्या नवसाला तूं हंसलास. तुझा हा तापलेला हात तरी दुसरें काय आहे? ती देवीचें नांव घेते, तूं जॉर्डनचें घेतोस.” आणि तिनें १९८५ सालचा गिलोविच, व्हॅलोन आणि ट्वर्स्की या तिघां संशोधकांचा निबंध त्याच्यापुढें ठेवला. त्यांनीं शंभर रसिकांना विचारलें, तेव्हां ९१ जणांनीं तापलेल्या हातावर विश्वास असल्याचें सांगितलें. मग त्यांनीं फिलाडेल्फियाच्या संघाचे १९८०-८१ च्या हंगामांतले नेम मोजले, बॉस्टनच्या संघाचे फ्री थ्रो मोजले, आणि कॉर्नेल विद्यापीठाच्या २६ खेळाडूंकडून प्रत्येकीं शंभर नेम टाकून घेतले. निष्कर्ष असा, कीं नेम लागल्यानंतरचा नेम आणि नेम चुकल्यानंतरचा नेम यांत म्हणण्यासारखा फरक नाहीं. यदृच्छेच्या माळेंत माणसाचें मन उगीच क्रम पाहतें. बॉस्टनचे नामांकित प्रशिक्षक रेड ऑरबाख यांनीं तो निबंध झिडकारून लावला. आमच्या नातवानेंहि तेंच केलें.

इतक्यांत नवस फेडण्याचा दिवस आला. नातू पुन्हां मैदानांत उतरला होता. आजीनें खण-नारळ काढून ठेवले आणि त्यानें बरोबर यावें असें सांगितलें. तो ताडकन् म्हणाला, “गुडघा डॉक्टरांनीं जोडला, व्यायाम मी केला. माझा गुडघा देवीच्या नांवावर जमा करूं नका.” आजीनें शांतपणें उत्तर दिलें, “डॉक्टरांनीं केलें तें मला कां कळत नाहीं? पण नऊ महिने रोज पहांटे उठून तुझ्या पायाशीं कोण बसत होतें? तूं ‘आतां पुरे’ म्हणून रडायचास, तेव्हां मला धीर कोणी दिला, तें मी सांगतें आहें.” तो कांहीं बोलला नाहीं, पण पुढें पंधरा दिवस आजी-नातवांत मोजकेंच बोलणें होई. पुतणी त्याच्या बाजूची, सूनबाई सासूबाईंच्या बाजूच्या. पंगतीला पानें मांडलीं तरी मनें वेगळ्या पंक्तींत बसलेलीं. एकत्र घरांत असलें मौन भांडणापेक्षां वाईट.

हें मौन फुटलें तें अनपेक्षित रीतीनें. एके रात्रीं पुतणीच आपण होऊन म्हणाली, “त्या १९८५ च्या निबंधाची एक बाजू मीं सांगितली नव्हती. ती सांगावयास हवी.” जोशुआ मिलर आणि ॲडम सानहुर्हो या दोघां अर्थशास्त्रज्ञांनीं २०१८ सालीं प्रसिद्ध केलेल्या निबंधांत जुन्या मोजणींतलाच दोष उघड केला होता. तो समजण्यास रुपयाचें नाणें पुरे. नाणें तीनदां उडविलें तर आठ प्रकारच्या माळा होतात. प्रत्येक माळेंत छाप्याच्या लगेच पुढें पडलेल्या फेकी तेवढ्या निवडाव्या, आणि त्यांत छाप्याचा हिस्सा किती तें लिहावें. दोन माळांत अशी फेकच नाहीं, त्या गळाल्या. उरल्या सहा. त्यांपैकीं दोहोंत हिस्सा पूर्ण येतो, एकींत निम्मा, आणि तिहींत शून्य. बेरीज अडीच, सहांनीं भागतां सरासरी पांच बारांश, म्हणजे निम्म्याहून कमी! नाणें निर्दोष, फेंकणारा निर्दोष. तरी मोजण्याची ही रीत मुळांतच उणें दाखविते. आम्हीं स्वतः पाटीवर आठहि माळा मांडून ताळा करून पाहिला.

आतां ज्या तराजूंत केवळ योगायोगाचें माप उणें भरावयाचें, त्या तराजूंत खेळाडूंचें माप समसमान भरलें असेल, तर त्याचा अर्थ हात कांहींसा तापतो असाच होतो. दुरुस्ती करून पाहतां कॉर्नेलच्या जुन्याच आंकड्यांत तापलेल्या हाताचा पुरावा निघाला. तेहतीस वर्षें जो भ्रम म्हणून वर्गावर्गांतून शिकविला गेला, तो निखळ भ्रम नव्हता.

नातवानें टाळी वाजविली. आम्हीं त्यास थांबविलें. त्याची समजूत बरोबर निघाली, परंतु ती त्यानें प्रमाणानें मिळविली नव्हती. किड्यानें लांकूड कोरतां कोरतां एखादें अक्षर उमटलें म्हणून किडा साक्षर ठरत नाहीं. यालाच घुणाक्षर न्याय म्हणतात. टाळी द्यावयाची असेल तर ती त्याच्या आत्याला द्यावी. तिला कोणी विचारलें नव्हतें. ती गप्प राहती तर घरांत तीच जिंकलेली होती. आपल्या पक्षाविरुद्धचा पुरावा आपणच आणून पंगतींत ठेवणें, याला आम्ही विज्ञाननिष्ठा म्हणतों. गौतमाच्या न्यायसूत्रांत जे सोळा पदार्थ सांगितले आहेत, त्यांत प्रमाण आणि प्रमेय यांच्या पाठोपाठ तिसरें आसन संशयाला दिलेलें आहे. संशय हा पाखंड्याचा अवगुण नव्हे, विचाराची पायरी आहे. मात्र ती पायरी. तिच्यावरच बिऱ्हाड करावयाचें नसतें. कायरी अर्विंग या नामांकित खेळाडूनें २०१७ सालीं पृथ्वी सपाट असल्याचें सांगून शाळेंत शिकविलेल्या गोष्टींवर शंका घेतली. तो संशयहि वरवर विज्ञानाचाच वेष घेऊन आला होता. पण त्याच्यामागें ना मोजणी, ना ताळा. पुढच्या वर्षीं त्यानें विज्ञानाच्या शिक्षकांची जाहीर क्षमा मागितली, हें वाचून जुन्या मास्तरास समाधान वाटलें.

न्यायशास्त्रानें वाद, जल्प आणि वितंडा असे तीन भेद केले आहेत. सत्य कळावें म्हणून बोलणें तो वाद. जिंकावें म्हणून बोलणें तो जल्प. स्वतःचें कांहीं न मांडतां दुसऱ्याचें तेवढें मोडणें ती वितंडा. आमच्या घरांतला जल्प त्या रात्रीं प्रथमच वाद झाला.

मग नवसाचें काय? आमचें मत आम्ही स्पष्ट सांगतों. नवसानें स्नायुबंध जुळतो असें जो म्हणेल, त्यानें कारणाचा दावा केला. आणि कारणाचा दावा केला कीं मोजणीला सामोरें जाणें भाग आहे. तेथें ‘भावना दुखावली’ हें उत्तर चालणार नाहीं. ज्या घरांत नवसावर विसंबून शस्त्रक्रिया लांबणीवर पडते, त्या घरांत श्रद्धा माणूस मारते. परंतु नातवाची आजी असा दावा करीतच नव्हती. तिनें डॉक्टरांचें श्रेय डॉक्टरांना दिलें होतें. ती सांगत होती ती स्वतःच्या धीराची गोष्ट. हकीम ओलाजुवन हा ह्यूस्टनचा खेळाडू रमजानचे रोजे पाळून सामने खेळे. १९९५ च्या फेब्रुवारींत, रोजे चालू असतांनाच, तो त्या महिन्याचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. उपवासानें नेम लागतो असें त्यावरून सिद्ध होत नाहीं. पण ज्या निग्रहानें तो उपाशीं पोटीं धांवला, तो निग्रह त्याला कोठून मिळाला हें सांगण्याचा अधिकार त्याचाच. त्याला हंसणें हें विज्ञान नव्हे.

ओटी भरली गेली. नातू आजीला गाडींतून अंबाजोगाईस घेऊन गेला. गाभाऱ्यांत तो हात न जोडतां उभा राहिला, आणि आजीनेंहि त्याला हात जोडावयास सांगितलें नाहीं. परतल्यावर दोघेंहि आपापल्या मतांवर कायम आहेत. फक्त पंगतींतलें बोलणें पूर्ववत् सुरू झालें आहे.

ज्या घरांत तीन पिढ्या एका छपराखालीं राहतात, तेथें सर्वांचीं मतें एक व्हावीं अशी अपेक्षा धरणें व्यर्थ आहे. श्रद्धावानानें जेवढें मोजतां येईल तेवढें मोजूं द्यावें. मोजणारानें अधूनमधून आपला तराजूहि तपासावा. आणि दोघांनींहि एकमेकांचें म्हणणें काय आहे तें आधीं नीट ऐकून घ्यावें. एवढें पथ्य पाळलें तर वाद कितीहि चालोत, घर मोडत नाहीं.