धवल्यांसाठी कपाट

घरात जागा कधी कोणाला पुरली आहे का? आमच्या पनवेलच्या घरात आधी पुस्तकांना पुरत नव्हती, मग लोणच्याच्या बरण्यांना पुरेना, आणि आता गाण्यांना पुरत नाही!

गाणी म्हणजे धवले. आमच्या रायगडातल्या आगरी लग्नात धवलारीण जे गाते, ते. प्रत्येक विधीचा धवला वेगळा, आणि सगळं तोंडपाठ. माझ्या मुलाने मागच्या खोलीत छोटा स्टुडिओ केला आहे. पोटापाण्यासाठी तो लग्नांचे व्हिडिओ करतो आणि सवड मिळाली की म्हाताऱ्या धवलारिणींकडे जाऊन धवले टिपून आणतो. गेली बारा वर्षं हे चालू आहे.

नवी मुंबई विमानतळासाठी आमच्याकडची चिंचपाडा, कोपर, तरघर अशी दहा गावं उठली. ८ ऑक्टोबर २०२५ ला विमानतळाचं उद्घाटन झालं आणि २५ डिसेंबरपासून विमानं उडू लागली. मुलाने टिपलेले काही धवले त्या उठलेल्या गावांतल्या ओट्यांवरचे आहेत. मध्येच कोंबडा आरवतो, कोणीतरी हंडा आपटतं. आता ते ओटे नाहीत, आणि गाणाऱ्यांपैकी दोघीही नाहीत. उरलं आहे ते चौदा सुट्या हार्ड डिस्कवर, एका खणात. मागच्या पावसाळ्यात त्यातली एक टकटक करून कायमची गप्प झाली. दुसरी प्रत होती म्हणून निभावलं.

तेव्हा मुलगा म्हणाला, "आई, नॅस घ्यायचा. रॅकमध्ये बसणारा, वाढवता येणारा." पैसे माझ्या मुदत ठेवीतून जायचे होते, तेव्हा मीही वही-पेन्सिल घेऊन बसले. पस्तीस वर्षं मराठी शिकवलं असलं तरी हिशेब मला कळतो.

नॅस म्हणजे घरातल्या सगळ्या संगणकांना जाळ्यातून वापरता येणारं सामाईक कपाट. एका पेटीत अनेक डिस्क. पहिला प्रश्न, किती लागतं? चांगल्या प्रतीचा नुसता आवाज तासाला साधारण एक जीबी घेतो. पण कॅमेऱ्याचं फोरके चित्रण सेकंदाला शंभर मेगाबिटने झालं, तर तासाला पंचेचाळीस जीबी! दोन कॅमेरे चार-चार तास चालले की एका लग्नाचे तीनशे साठ. म्हणजे गाणी बिचारी कोपऱ्यात मावतात, जागा खातं ते चित्र.

दुसरा प्रश्न, डिस्क बिघडली तर? यावर रेड नावाची युक्ती आहे. ती १९८८ साली अमेरिकेत बर्कलीच्या तिघा संशोधकांनी एका निबंधात मांडली. आम्ही आठ खणांची पेटी बघितली. सध्या त्यात आठ टीबीच्या सहा डिस्क घालायच्या. त्यातल्या दोघींएवढी जागा राखीव माहितीला जाते आणि बत्तीस टीबी हाताशी उरते. कोणत्याही दोन डिस्क एकदम गेल्या तरी गाणं जात नाही. पुढे उरलेले दोन खण भरले की अठ्ठेचाळीस टीबी, आणि तेही भरलं तर खाली जोडपेटी. संसार वाढला की खोली काढावी तसंच की हे!

तिसरा प्रश्न मी विचारला, आवाजाचं काय? रॅकच्या पेट्या एकोणीस इंच रुंद आणि चपट्या असतात. त्यांचे पंखे लहान, म्हणून जोरात फिरतात आणि घोंघावतात. टेबलावरची पेटी स्वस्त आणि शांत असते, पण आम्हाला आठ खणांपुढेही वाढायचं होतं. मग ठरलं, की रॅक स्टुडिओत नको, माळ्यावरही नको, तिथे उन्हाळ्यात भाजतं. जिन्याजवळच्या कोठीत ठेवायचा, तिथवर केबल ओढायची. सोबत यूपीएस हवाच, कारण पावसाळ्यात आमच्याकडे वीज कधी जाईल याचा नेम नसतो.

पण मुलाने स्वतःच एक गोष्ट बजावली, रेड म्हणजे दुसरी प्रत नव्हे. चुकून पुसलं, चोरी झाली, आग लागली, तर सगळ्या डिस्क एकत्रच जाणार. पुण्यात जानेवारी २००३ मध्ये राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या नायट्रेट फिल्मच्या साठ्याला आग लागली आणि प्रभातच्या जुन्या रिळांसारखा ठेवा जळाला. जतन करायला ठेवलेलंच ते! म्हणून तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, आणि एक घराबाहेर, असा नियम सांगतात. आमची बाहेरची प्रत नाशिकला माझ्या बहिणीकडे जाणार आहे. म्हणून मी दोन डिस्कचे पैसे पेटीच्या खर्चातून आधीच बाजूला काढले. पेटी थोडी उशिरा आली तरी चालेल, ती प्रत आधी.

आणि चौथा प्रश्न, जो यंत्राच्या माहितीपत्रकात नसतो. गातंय कोण, हे कुठे लिहिलं आहे? पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. आज त्या 'पारी'च्या संकेतस्थळावर आहेत. त्यांच्या कामात ओवीबरोबर गाणारीचं नाव आणि गाव नोंदवलेलं असतं, म्हणून परक्या माणसालाही ती ओवी सापडते. आमच्या डिस्कवर मात्र 'क्लिप ००४७' असं लिहिलेलं! बत्तीस टीबीमध्ये ती शोधायची कोणी?

हे काम मी घेतलं आहे. रोज दुपारी दोन तास ऐकते आणि नोंदवहीत लिहिते: नाव, गाव, तारीख, कोणत्या विधीचा धवला, आणि तो इतरांना ऐकवायला त्या बाईची परवानगी आहे का. हजेरीपटासारखंच काम, हात बसलेला आहे. अडलेला शब्द शेजारच्या धवलारीण आजींना विचारते. त्यांचं वय नव्वदीच्या घरात आहे, म्हणून अडलेले शब्द मी साठवून ठेवत नाही, त्याच दिवशी विचारून येते.

कपाट वाढवता येतं, मंडळी. विचारायला माणूस असण्याचे दिवस वाढवता येत नाहीत. तुमच्याही घरात अशी एखादी गाणारी असेल, तर पेटी नंतर घ्या. आधी नाव लिहून ठेवा.