दंतुर किनारा

“आम्ही नॉर्वेला जायचं म्हणतोय,” असं मी फोनवर सांगितलं तेव्हा आमची मडगावची मावशी म्हणाली, “मग त्यात काय मोठंसं? सकाळी निघालात तर दुपारी जेवायला घरी. नारळ मात्र इथूनच घेऊन जा, तिथे महाग देतात.”

मावशीने ‘नार्वे’ ऐकलं होतं. डिचोली तालुक्यातलं नार्वे, जिथल्या सप्तकोटेश्वराच्या देवळाचा शिवाजी महाराजांनी १६६८ साली जीर्णोद्धार केला ते. दोष तिचा नाही. आमच्या घराण्याची एकूण ऐपत पाहता कोणालाही नार्वेच ऐकू आलं असतं. मात्र “तिथे महाग देतात” हे तिचं वाक्य दोन्ही गावांना लागू पडतं, हे मला पुढच्या दोन महिन्यांत नीट समजलं.

मी पस्तीस वर्षं बँकेत दुसऱ्यांचे पैसे मोजले. त्यामुळे खर्च न करणं हा माझा स्वभाव आहे असं घरात म्हणतात ते खरं नाही. ती माझी व्यावसायिक सवय आहे. मोठ्यात मोठा प्रवास म्हणजे एलटीसीवर केलेलं काश्मीर, आणि तिथेही मी शिकाऱ्याच्या भाड्यावरून इतका वेळ घासाघीस केली की शेवटी अंधार पडला आणि दल सरोवर दिसलंच नाही. अशा माणसाच्या नशिबी नॉर्वे यावं, हा दैवाचा विनोद म्हणायचा.

विषय काढला कन्येने. तिचं डिसेंबरात लग्न आहे. त्याआधी एकदा आपण पाचजणांनी मिळून कुठेतरी लांब जाऊन यायचं, असा तिचा हट्ट. तिने आजीला विचारलं, “आजी, तुला कुठे जायचंय सांग.” आम्ही सगळे निर्धास्त होतो. एकोणऐंशी वर्षांची बाई काशी म्हणेल, फार तर रामेश्वर. आईने निवडत असलेल्या मेथीवरून नजरसुद्धा न काढता सांगितलं, “नॉर्वे.”

माझ्या हातातला चहा बशीत सांडला.

आई कर्जतच्या शाळेत एकतीस वर्षं भूगोल शिकवत होती. फळ्यावर खडूने नॉर्वेचा किनारा काढावा तर तिनेच. वरपासून खालपर्यंत हात थरथरल्यासारखी एक रेघ ओढायची आणि म्हणायची, “हा दंतुर किनारा.” वर्गातल्या पोरींना दंतुर म्हटलं की आईचे पुढे आलेले दोन दात आठवायचे आणि मागचे बाक खुसखुसायचे. ते दात जाऊन आता कवळी आली, पण किनारा अजून दंतुरच आहे. हिमनद्यांनी डोंगर खरवडले, त्या दऱ्यांत समुद्र शिरला, त्याला फियॉर्ड म्हणतात, हे मी पाळण्यात असल्यापासून ऐकत आलोय. सोग्नेफियॉर्ड दोनशे किलोमीटरच्या वर आत शिरतो आणि तेराशे मीटर खोल आहे, हे मला आमच्या गल्लीच्या लांबी-रुंदीपेक्षा आधी पाठ होतं.

“पण आई, नॉर्वेच का?” मी विचारलं. स्वित्झर्लंड म्हणाली असती तर निदान शेजारच्यांकडून जुने फोटो मागून आणता आले असते.

मग तिने सांगितलं. १९७९ साली, सातवी ‘ब’मध्ये, मध्यरात्रीच्या सूर्याचा धडा चालू असताना एका मुलीने विचारलं होतं, “बाई, रात्रीपण सूर्य असतो तर तिथली माणसं झोपतात कशी?” आई म्हणाली, “पडदे लावून.” तेवढ्यात घंटा झाली.

“पुस्तकात नव्हतं ते,” आई म्हणाली. “मी आपलं ठोकून दिलं. पुढे दरवर्षी त्या धड्याला कोणी ना कोणी विचारायचंच, आणि मी दरवर्षी तेच सांगायची. एकदा बघून घ्यावं म्हणते.”

आता एका पडद्यासाठी माणूस पाच विमानतिकिटं काढतो का? पण हे तिला सांगणार कोण? मी वही उघडली.

नॉर्वेच्या नाण्याला क्रोन म्हणतात. एक क्रोन म्हणजे आठ-नऊ रुपये. ऐकायला काही वाटत नाही. पण साध्या कपभर कॉफीला चाळीस-पन्नास क्रोन पडतात हे कळल्यावर मी गुणाकार केला, आणि मग घरातल्या कॉफीच्या डब्याकडे मी प्रथमच आदराने पाहिलं. चिरंजीव म्हणाले, “बाबा, तुम्ही प्रत्येक गोष्टीला नऊने गुणू नका, त्रास होईल.” मी म्हटलं, “मी नाही गुणलं तरी बँक गुणणारच आहे.”

काही काही स्टेशनांवर स्वच्छतागृहाला दहा-वीस क्रोन घेतात. आईला रक्तदाबासाठी पाण्याची गोळी आहे. मी वहीत ‘आई – किरकोळ’ असं खातं उघडलं आणि दिवसाच्या सहा खेपा धरून बेरीज केली. एवढ्या पैशात कर्जतला आम्ही अख्खं न्हाणीघर बांधलं होतं.

पण शोधत गेलं की गरिबांनाही देव असतो. नॉर्वेत १९५७ सालापासून कायदाच आहे की शेती नसलेल्या मोकळ्या रानात कोणीही हिंडावं, घरापासून दीडशे मीटर लांब तंबू ठोकावा आणि दोन रात्री फुकट झोपावं. फुकट! मी तो कागद देवाच्या आरतीच्या सुरात वाचून दाखवला. आमची सौ. म्हणाली, “अहो, तुम्हाला मच्छरदाणीच्या चार दोऱ्या बांधता येत नाहीत. आणि आईंना काय गुडघ्यावर रांगत आत घालणार?” तंबू तिथेच कोसळला. रिकाम्या बाटल्या दुकानात परत केल्या की काही क्रोन हातावर ठेवतात, हाही मला एक आधार वाटला होता. पण कन्येने बजावलं, की परदेशात बाबा बाटल्या गोळा करताना दिसले तर ती तिथून लग्नाला परस्पर एकटी येईल.

जेवणाचं खातं सौभाग्यवतींकडे होतं. मेतकूट, भाजणी, दशम्या, चटण्यांचे चार प्रकार आणि विजेचा छोटा कुकर अशी यादी झाली. मग चिरंजीवांनी सांगितलं की आपल्याकडून दुधाचे पदार्थ नॉर्वेत नेऊ देत नाहीत.

“म्हणजे तूपसुद्धा नाही?”

“नाही.”

“मग मेतकूट-भात काय कोरडा खायचा?” ती इतकी खिन्न झाली की ट्रिप तिथेच बारगळते की काय असं वाटलं. (मला आशा वाटली, असं लिहिणार होतो, पण ती हे वाचणार आहे.) तिला बरं वाटावं म्हणून चिरंजीवांनी सांगितलं, की नॉर्वेचे लोक स्वतःसुद्धा कामावर जाताना घरूनच कागदात पाव बांधून नेतात, आणि त्याला ‘मातपाक्के’ म्हणतात. ती म्हणाली, “मात-पाक? म्हणजे आईच्या हातचं! बघा, शब्दसुद्धा आपलाच.” त्या दिवसापासून नॉर्वे तिला सासरचं न वाटता माहेरचं वाटू लागलं.

बातमी फुटायला वेळ लागला नाही. वरच्या मजल्यावरचे आप्पा एका टूरवाल्या कंपनीचा कागद घेऊन आले. नऊ दिवसांत तीन देश, रोज रात्री वरण-भात. आईने कागद चष्म्याजवळ धरून विचारलं, “यात मध्यरात्रीचा सूर्य कुठाय?” आप्पा म्हणाले, “तो ऑप्शनल आहे.” आईने कागद घडी घालून परत दिला. सूर्याला ऑप्शनल म्हणणाऱ्या माणसाशी ती नंतर चार दिवस बोलली नाही.

सातारचे मामा फोटो बघून म्हणाले, “हे तर हुबेहूब तापोळा. कोयनेचं पाणी, दोन्ही बाजूंना डोंगर, लाँच. दोन हजारात आटपतंय.” मी मामांना मनापासून दुजोरा दिला. बर्गनला वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो असं कळलं तेव्हाही मी म्हणून पाहिलं, की एवढा पाऊस तर आपल्या डोंबिवलीत गॅलरीतून दिसतो. आई लगेच परीक्षेच्या सुरात म्हणाली, “भौगोलिक कारणे द्या. पश्चिमेकडचे वारे समुद्रावरून येतात, डोंगराला अडतात, म्हणून पाऊस. आपण चार महिन्यांत उरकून टाकतो, ते वर्षभर पुरवून वापरतात.” काटकसर म्हणून मला हे पटलं.

माझा शेवटचा हुकमाचा पत्ता होता माथेरान. फ्लॉमची रेल्वे जगप्रसिद्ध. डोंगरातल्या मिरडाल स्टेशनापासून फियॉर्डच्या काठापर्यंत वीस किलोमीटरमध्ये साडेआठशे मीटरच्या वर उतरते, वाटेत वीस बोगदे. १९४० साली सुरू झाली. मी म्हटलं, “आई, आपली नेरळ-माथेरान १९०७ सालची. तीही वीस-एकवीस किलोमीटरच. तू दरवर्षी शाळेची सहल नेत होतीस.”

“आपली चढण विसास एक,” आई म्हणाली. “त्यांची?”

“अठरास एक.”

“म्हणजे आपल्यापेक्षा कडक!” तिचे डोळे चमकले. माझा पत्ता माझ्यावरच उलटला.

शेवटी एका रविवारी वहीची बेरीज झाली. पाच माणसं, दहा दिवस. मी आकडा इथे लिहीत नाही. माझ्या पेन्शनची आणि त्याची ओळख नव्हती एवढंच सांगतो. व्हिसासाठी बँकेचे कागद दाखवायचे, का तर आम्ही तिथेच राहून बसणार नाही याची खात्री पटावी. अहो, ज्याने तिथे दोन कॉफ्या घेतल्या तो आपल्या पायाने परत येईल!

काहीतरी छाटायला हवं होतं. ओस्लो, तिथून बर्गनची रेल्वे, वाटेत फ्लॉम, एक फियॉर्ड, हे एका सरळ रेषेत होतं. अडचण होती ती सूर्याची. तो बघायचा तर ट्रॉम्सोला जायला हवं, आर्क्टिक वृत्ताच्याही उत्तरेकडच्या गावाला. तिथे साधारण वीस मे ते बावीस जुलै सूर्य मावळत नाही. पण पाच जणांचं जास्तीचं विमान, जास्तीच्या तीन रात्री. मी लाल पेन काढलं, त्या ओळीवर काट मारली आणि घसा साफ करून म्हणालो, “आई, दक्षिण भागातसुद्धा जूनमध्ये रात्री अकरापर्यंत उजेड असतो म्हणे.”

“हो का?” आई म्हणाली. “मग झालं तर. सूर्य नाही झाला तरी चालेल.”

हे वाक्य मला पाठ आहे. मी मुंबईला हॉस्टेलवर असताना तिच्या पाटल्या गेल्या तेव्हा ती हेच म्हणाली होती, नव्या पाटल्या नाही झाल्या तरी चालेल. बाबांच्या निवृत्तीनंतर दिल्ली-आग्र्याचं ठरलं आणि बाबा आजारी पडले, तेव्हाही हेच. ती हे इतक्या सहज म्हणते की ऐकणाऱ्याला चालेल असंच वाटतं. मला त्या रविवारी वाटलं. मी दुपारी झकास झोपलो.

रात्री पाणी प्यायला उठलो तर स्वयंपाकघरात दिवा. आई टेबलावर शाळेचा जुना नकाशासंग्रह पसरून बसली होती. हातात शिवणाचा दोरा. दोऱ्याचं एक टोक बर्गनवर अंगठ्याने दाबलेलं, आणि दुसरं ट्रॉम्सोवर. मग दोरा उचलून तिने खालच्या प्रमाणपट्टीवर धरला. शाळेत हे असंच शिकवायची.

“काय करतेस?”

“काही नाही रे, सहज. बाराशे किलोमीटर भरतं. मुंबई-दिल्लीएवढं.” तिने दोरा बोटाला गुंडाळला. “लांबच आहे. तू काट मारलीस ते बरोबर आहे.”

मला पाणी प्यायचं होतं ते राहूनच गेलं.

दुसऱ्या दिवशी बँकेत जाऊन मुदत ठेव मोडली. खिडकीत बसलेली मुलगी म्हणाली, “काका, मुदतीआधी मोडताय, व्याज कापलं जाईल.” हेच वाक्य मी पस्तीस वर्षं लोकांना सांगितलं होतं, आणि ते ऐकून मुकाट्याने सही करणाऱ्यांकडे मूर्ख म्हणून पाहिलं होतं. मुकाट्याने सही केली.

चिरंजीवांनी ट्रॉम्सोची विमानं आणि खोल्या ठरवल्या. मी त्यांना मुद्दाम त्या खोलीवाल्यांना विचारायला सांगितलं, की तुमच्याकडे पडदे आहेत का. दोन दिवसांनी उत्तर आलं. उन्हाळ्यात सगळ्या खोल्यांना उजेड पूर्ण अडवणारे जाड पडदे असतात, पाहुण्यांनी काळजी करू नये. मी ते मोठ्या अक्षरात छापून आणलं आणि आईच्या हातात दिलं.

तिने दोनदा वाचलं. चष्मा काढला, पुसला, परत वाचलं.

“म्हणजे बरोबर होतं,” ती म्हणाली.

“बरोबर होतं.”

“एकतीस वर्षं बरोबरच सांगत होते मी.” तिने कागदाची नीट घडी केली आणि नकाशासंग्रहात ठेवली. मग माझ्याकडे बघून म्हणाली, “मग आता कशाला जायचं रे? उत्तर तर मिळालं. एवढा खर्च कशाला उगीच? नाही झालं तरी…”

सौ. कुकर लावता लावता थांबली. कन्येने कपाळावर हात मारला. मी घाईघाईने तिकिटांचा कागद काढला आणि अगदी तळाशी मुंगीएवढ्या अक्षरात छापलेली ओळ आईला मोठ्याने वाचून दाखवली. प्रवास रद्द केल्यास पैसे परत मिळणार नाहीत.

“एक पैसुद्धा नाही?” आई म्हणाली.

“एक पैसुद्धा नाही.”

“मग गेलंच पाहिजे,” असं म्हणून ती उठली आणि स्वेटर कुठल्या ट्रंकेत आहे ते बघायला आत गेली.

आयुष्यात पहिल्यांदाच ती ओळ वाचून मला बरं वाटलं.