लहान चित्रातला तपशील

पैठणीच्या जरीकाठाचे ६००० बाय ४००० पिक्सेलचे, म्हणजे २.४ कोटी रंगबिंदूंचे छायाचित्र २००० पिक्सेल रुंदीचे केले की मूळच्या नऊ बिंदूंच्या जागी एकच उरतो. उरलेले आठ नुसते गाळले, तर बारीक विणीवर मुळात नसलेल्या लाटा उमटू शकतात, आणि विणकराच्या कसबावर तो अन्यायच होय. म्हणून शेजारच्या बिंदूंची भारित सरासरी, म्हणजे जवळच्याला अधिक महत्त्व देणारी सरासरी काढणारी, हंगेरियन गणिती लांत्सोश यांच्या नावाची पद्धत निवडावी आणि कडांचा रेखीवपणा आकार घटवल्यानंतरच हलकेच वाढवावा. १९९२ चे जेपीईजी मानक ८ बाय ८ बिंदूंच्या चौकटींतील सूक्ष्म फरक टाकून फाइल हलकी करते आणि फेरफारांसह पुन्हा पुन्हा जतन केल्यास ही हानी साठत जाते, त्यामुळे प्रत्येक लहान प्रत मूळ फाइलवरूनच काढावी.